पाय उचलू नकोस

वाल्मीक आहेरची पद्मिनी सत्त्याऐंशी सालची,
मुळात दुधी, आता तीन वेगवेगळ्या दुधींची.
अंबडच्या शेडमध्ये तो लेथवर पोट भरतो
आणि उरलेलं तिच्यात ओततो.
मी नोटप्रेसला. बत्तीस वर्षं आकडे तपासतोय,
एखादा सहा तुटका निघतो का, बघत.
रविवारी त्याच्या डाव्या हाताला बसतो,
मांडीवर वही, आणि पुन्हा नोटाच वाचतो :
शंभर, उजवं चार, खड्डा, डावं दोन, आवळ.
बायको म्हणते, तुमचं नशीबच कागदी.

सातवा टप्पा गिरणेच्या पात्रात, मालेगावच्या अलीकडे.
चैत्र. पाणी म्हणजे बोटभर रेघ, तीही पलीकडच्या काठाला.
बाकी वाळू.
आदल्या दिवशी पायी हिंडलो होतो सगळं,
सकाळी टायरांतली हवा अर्ध्यावर आणली,
पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं बांधलं,
तापाचं दुखणं तिला जुनंच.
वहीत या जागी दोनदा अधोरेखित केलेलं :
वाळू, साडेचारशे, दुसरा गिअर.
पाय उचलू नकोस.

मी ओरडून वाचलं.
हेल्मेटात आपलाच आवाज परका वाटतो.
गाडी चालत नव्हती, तरंगत होती,
ढुंगण हलवत, डोहात म्हैस उतरावी तशी,
आणि वाल्मीक शीळ घालत होता, बेसूर.

मग चाकोरीच्या जरा आत,
टिटवी.
पंख फाकून, दोन पिवळ्या काड्यांवर उभी,
आमच्या अकराशे सीसीला शिव्या देत.

हे वहीत नव्हतं.

वाल्मीकचा पाय वर आला.
अर्धा सेकंद असेल. मी पाहिला तो बूट
वर येताना, आणि परत जोरात खाली जाताना.
पण वाळूला तेवढं पुरतं.

त्यानंतर इंजिन ओरडत राहिलं आणि आम्ही तिथंच.
क्लच, अर्धा क्लच, रिव्हर्स, परत क्लच,
चाकं स्वतःचीच कबर उकरत गेली,
आणि पायाखालून आला तो वास,
जळक्या केसांचा, करपल्या दुधाचा.
वाल्मीकनं किल्ली फिरवली. बंद.
'प्लेट गेली,' म्हणाला.
वहीत पुढची सहा पानं कोरी करकरीत अक्षरात
न वाचलेली.

तास दोन तास इतरांची वाळू खात बसलो.
देवळालीच्या डॉक्टरांची एस्टीम गेली, हात हलवून.
दोन जिप्सी गेल्या, हातही न हलवता.
टिटवी परत बसली. उठली तेव्हा मोजली, चार अंडी,
वाळूच्याच रंगाची.

तिन्हीसांजेला दोन ट्रॅक्टर आले, नंबरप्लेट नसलेले.
आमच्या मार्शलचं जाकीट दिसताच जागीच फिरले,
त्यांना वाटलं तहसील कचेरी.
वाल्मीक धावला मागून, हेल्मेट काखेत :
'अरे, आम्ही सरकार नाही! आम्ही अडकलोय!'
एक थांबला. मिसरूड न फुटलेला पोरगा.
नाव विचारलं तर म्हणाला, कशाला?

वाळू कशी काढायची हे त्याला शिकवायला नको होतं.
फावडं असं चाललं की आम्ही नुसते बघत राहिलो.
दोर त्यानं मागच्या बाजूला बांधला.
पुढून नको, म्हणाला, तिथं बसलीये ती.

काठावर आल्यावर मी पाचशेची काढली.
त्यानं उजेडाकडे धरून निरखली.
'खरी आहे ना?'
मला विचारत होता. मला!
मग घडी करून माझ्याच खिशात कोंबली :
'राहू द्या. तुम्ही आम्हाला पाहिलं नाही, एवढंच.'

गुरुवारी शेडमध्ये गिअरबॉक्स उतरला.
वाल्मीकनं प्लेट माझ्या हातात दिली,
रिव्हेट चकचकीत, मटेरियल नावालाही नाही.
'आधीच संपली होती बघ.
चांदवडच्या घाटापासूनच घसरत होती.'
'असेल,' मी म्हणालो.
तो माझ्याकडे पाहत राहिला.
'असेल. मला काही दिसलं नाही.'

घरी येऊन वही उघडली.
साडेचारशेच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं :
मध्ये टिटवी. डावीकडून घे.

रात्री त्याचा फोन.
नव्या प्लेटला साडेनऊशे लागतील, म्हणाला,
अर्धे तुझे.